ते जंतू माझे आहेत

चौदा दिवस काचेच्या नळ्यांकडे बघत राहायचं आणि त्यांच्यात काहीच झालं नाही तर खूश व्हायचं, या कामाला पगार मिळतो हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मी घरी आले की त्या विचारायच्या, "काय झालं गं आज कंपनीत?"

"काही न्हाई झालं."

"मंग गेलती काहून?"

त्यांना समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. बोलायचं म्हटलं की माझं तोंड उघडतं, पण आवाज मागेच राहतो. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहायला बरं वाटतं. आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. नातीने तिथे माझं नाव परस्पर देऊन टाकलं आहे. चौथी शिकलेल्या बाईचं कोण वाचणार, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "आजी, चौथीचं लिहिलेलं सगळ्यांना कळतं." अंकात द्यायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही. आधी वहीत उतरवते आहे.

वारंगा फाट्याच्या अलीकडे एक लहान कंपनी आहे. तिथे डोळ्यांत घालायचे थेंब तयार होतात. डोळा लाल झाला, पू आला, सकाळी पापण्या चिकटल्या की डॉक्टर जे लिहून देतात आणि मेडिकलवर जी बोटाएवढी बाटली मिळते, तीच ही. मी तिथल्या तपासणीच्या खोलीत मदतनीस होते. नळ्या धुणे, वाफेच्या भांड्यात तापवणे, मॅडमना हातात सामान देणे आणि नळ्या बघणे, एवढं माझं काम. मालात चूक आहे का, हे आमच्या खोलीतून कळायचं. त्यामुळे माल बनवणाऱ्यांना आम्ही फारसे आवडत नव्हतो.

लोकांच्या तक्रारीही आमच्याकडे यायच्या. एकदा कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारे बाबा मेडिकलवाल्याला सोबत घेऊन थेट कंपनीच्या दारात आले. बाटली टेबलावर आपटून म्हणाले, "ह्यात औषधच न्हाई."

आमचे चव्हाण साहेब बाहेर आले. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मॅनेजर. त्यांनी विचारलं, "कशावरून म्हणता बाबा?"

"झोंबत न्हाई."

"झोंबू नये म्हणूनच तसं केलंय."

"झोंबत न्हाई तं जंतू मरतील कशानं? लाजून?"

साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली. बाबांचा डोळा मात्र बरा झालेला दिसत होता. ते त्याच डोळ्याने साहेबांकडे रागाने बघत होते.

आता नळ्यांचं सांगते. डोळ्याच्या औषधात एकही जिवंत जंतू चालत नाही. पोट पुष्कळ सोसतं, डोळा सोसत नाही. पण बाटलीत जंतू नाही हे ओळखायचं कसं? सगळ्या बाटल्या उघडून बघितल्या तर विकायला काय उरणार? म्हणून एका वेळी बनवलेल्या मालातून, त्याला बॅच म्हणतात, ठरलेल्या बाटल्या काढायच्या. त्यांतलं औषध एका गोल कागदातून गाळायचं. त्या कागदाची भोकं इतकी बारीक असतात की औषध खाली जातं आणि जंतू असलाच तर वर अडकतो. मग तो कागद कात्रीने कापून नळीतल्या सुपात टाकायचा. सूप म्हणजे जंतूंचं आवडतं जेवण. पिवळसर, पातळ, वासाला थेट पायाच्या रश्श्यासारखं. नळ्या उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि चौदा दिवस रोज बघायच्या. एक जंतू जरी अडकला असेल तरी तो खाऊन-पिऊन एकाचे लाख होतो आणि सूप गढूळ होतं. सूप चौदाव्या दिवशीही नितळ असेल तर बॅच पास.

आमच्या औषधात एक अडचण होती. ते स्वतःच जंतू मारणारं. गाळणीच्या कागदावर त्याचा थेंबभर अंश जरी राहिला तर तो नळीतही जंतू मारत बसणार, सूप नितळ राहणार आणि आपण फसणार. म्हणून तो कागद निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. मला हे पहिल्याच दिवशी कळलं. पातेल्याला साबण राहिला तर विरजण लागत नाही, त्यातलाच प्रकार.

गढूळपणा ओळखायला नळीच्या मागे छापील कागद धरतात. अक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. कागद इंग्रजी होता. मॅडम लोकांचं लक्ष वाचण्यात जायचं. मला वाचताच येत नसल्याने मी फक्त बघायची. गढूळ नळी माझ्या नजरेस इतरांच्या एक दिवस आधी पडायची. या एका गोष्टीचा मला थोडा गर्व होता. तो कोणाला दिसू नये म्हणून मी जपायची.

आणि ती आतली खोली. गाळण्याचं काम जिथे व्हायचं ती. पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. फक्त डोळे उघडे. बांगड्या, जोडवी, कुंकू सगळं बाहेर ठेवायचं. आणि आत बोलायला बंदी. बोललं की तोंडातले जंतू हवेत पडतात. बाकीच्या बायांना ती खोली तुरुंगासारखी वाटायची. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या जगात एकच जागा माझ्यासाठी बांधलेली आहे. तोंड झाकलेलं, आणि गप्प बसलं तर शाबासकी.

माझ्याबरोबर नळ्या धुणारी शेवंता तिथे एकदाच गेली. आत हवा तपासायला एक उघडी काचेची ताटली ठेवलेली असते. जंतू पडले तर दोन दिवसांनी तिच्यावर ठिपके उगवतात. शेवंताने मास्कच्या आतून तासभर आपल्या विहिणीचं सगळं प्रकरण सांगितलं. तिची ताटली तिळाच्या वडीसारखी भरली. साहेबांनी तिला पुन्हा आत सोडलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं. तिथं माणूस मुका होऊन मरंल."

ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती एका पावसाळ्यातली. सगळीकडे डोळे आले होते. शाळेत अर्धी लेकरं काळे चष्मे लावून बसलेली. मेडिकलवाल्यांचे फोनवर फोन येत होते आणि आमची मोठी बॅच तपासणीला थांबली होती. तपासणीला स्नेहल मॅडम होत्या. चोवीस-पंचवीस वर्षांची परभणीची पोरगी, शिकलेली, हाताने फार नीटस. मला मावशी म्हणायच्या. त्यांची सहा महिन्यांची परीक्षा चालू होती, म्हणजे कंपनीने ठेवायचं की नाही हे त्या महिन्यात ठरणार होतं. घरच्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर परत ये, मुलगा बघून ठेवलाय. मॅडम एकदा मला म्हणाल्या होत्या, "मावशी, मुलगा वाईट नाही. पण त्याच्या घरी मायक्रोस्कोप नाही ना."

त्या दिवशी सकाळी घाईत वांगी चिरताना विळीवर माझं बोट कापलं. डाव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. आपण काय करतो? मी तेच केलं. डब्यातली चिमूटभर हळद जखमेत दाबून भरली, रक्त थांबलं आणि मी फाट्याची गाडी पकडली.

आतल्या खोलीच्या दारावर पाटी होती. जखम, सर्दी, ताप किंवा खरूज असेल त्याने आत जाऊ नये. ती मराठीत होती, मला वाचता येत होती. मी ती वाचली आणि आत गेले. मॅडमनी विचारलं, "ठीक ना मावशी?" मी मान हलवली. सांगितलं असतं तर त्यांनी मला दिवसभर बाहेर नळ्या धुवायला बसवलं असतं, शेवंताशेजारी. तिच्या विहिणीचं प्रकरण अजून संपलेलं नव्हतं.

हात साबणाने घासून धुवायचे असतात. मी धुतले. फक्त ते एक बोट पाण्यापासून वाचवलं, हळद निघून जाईल म्हणून. वरून मोजा चढवला आणि नियमाप्रमाणे मोज्यांवर स्पिरिट चोळलं.

काम सुरू झालं. मी पाकिटं फाडून चिमटे आणि कात्र्या मॅडमच्या हाताशी देत होते. एका पाकिटाची पत्र्यासारखी कड मोज्याला लागली. टोक टरकलं. मला ते काम संपल्यावर, मोजे काढताना कळलं. बोटाचं टोक उघडं पडलेलं आणि आतून स्पिरिटने भिजलेली हळद बाहेर आलेली.

आता मला जे वाटलं तेच खरं लिहिते. मला बरं वाटलं. म्हटलं, नशीब, हळदीच्या बोटावरच फाटलं. दुसऱ्या कुठल्या बोटावर फाटलं असतं तर जंतू गेले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं आणि नळी उजेडात धरली. इंग्रजी अक्षरं धुक्यात गेली होती. दुसरी नळी धरली. तीही तशीच. नुसत्या सुपाची जी नळी आम्ही ताडून बघायला ठेवतो ती स्वच्छ होती. ती आधी भरलेली होती, मोजा फाटायच्या आधी. पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

मॅडमनी नळ्या बघितल्या आणि खुर्चीवर बसल्या.

साहेब आले. ते कुरुंद्याचे, घरची हळदीची शेती, आवाज शेतातून बांधावर हाक मारल्यासारखा. म्हणाले, "मॅडम, दोनच गोष्टी होऊ शकतात. एकतर माल खराब, म्हणजे अख्खी बॅच फेकायची. न्हाई तं तुमचा हात खराब."

"सर, मी सगळं नियमाने केलंय."

"मग काय भुतानं केलंय का? शनिवारी हेड ऑफिसला रिपोर्ट द्यायचाय. कारण सापडलं तर बराबर. न्हाई सापडलं तर मला तुमचं नाव लिहावं लागंल. मला बी नोकरी हाय."

कारण शोधायचा एक छापील फॉर्म असतो. हवा कशी होती, पाणी कसं होतं, कपाटाची ऊब बरोबर होती का, सूप नीट तापवलं होतं का, तपासणाऱ्याने काय केलं. मॅडमनी दोन दिवस एकेक रकाना भरला. सगळं ठीक निघालं. तपासणाऱ्याचा रकाना तेवढा उरला. मदतनिसाला रकानाच नव्हता. मला कोणी काही विचारलं नाही आणि न विचारता सांगायची माझी सवय नाही.

गुरुवारी मॅडमनी गढूळ नळीतला थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला. बऱ्याच वेळाने मान वर केली. म्हणाल्या, "माणसाच्या हातावरचा नाही हा. काडीसारखा आहे आणि आत बी धरलेलं आहे. हे बी उकळलं तरी लवकर मरत नाही, स्पिरिटला तर जुमानतच नाही. मातीत असतो हा. नाहीतर मसाल्यात."

"मसाल्यात?" माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

"हो. मिरी, धने, हळद, असल्या सगळ्यात."

माझ्या हातात धुतलेल्या नळ्यांचा ट्रे होता. तो मी जपून खाली ठेवला. एवढं शहाणपण त्या वेळी सुचलं.

जेवायच्या सुटीत शेवंताला सगळं सांगितलं. तिने भाकरी मोडायची थांबवली. "हळदीत जंतू? येडी झालीस का कौसा? लेकरू जन्मल्यापास्नं माणूस हळदीवर जगतंय. नवरीला काय जंतू लावत्यात व्हय?"

"मॅडम म्हणतात."

"मॅडम पुस्तकातलं म्हणतात. तू गप ऱ्हा. बोट कापलेलं लपवलं म्हणून तुलाच काढतील. बोलली तं तुझी नोकरी जाईल, न्हाई बोलली तं तिची."

शेवंता कधी कधी एका वाक्यात सगळं बोलून टाकते. मॅडमच्या जागी तिची स्वतःची पोरगी असती तर ती काय बोलली असती, हे मी विचारलं नाही. तिने स्वतःच थोड्या वेळाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाली, "पण पोरगी चांगली हाय गं ती."

शुक्रवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये सांगायला गेले. दार लोटलं. साहेब म्हणाले, "काय कौसाबाई?"

मी म्हणाले, "चहा आणू का?"

"आणा."

चहा घेऊन गेले. ठेवला. उभी राहिले. साहेबांनी वर बघितलं. "काय?"

"साखर बराबर हाय का?"

"हाय."

तिसऱ्यांदा रिकामा कप आणायला गेले. आता सांगायचंच असं ठरवून गेले होते. साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते, "हो, नवीन मुलगी आहे, उद्या कळवतो." फोन ठेवून मला म्हणाले, "कौसाबाई, आज काय झालंय? चहा नको आता, पित्त होईल."

मी कप घेऊन बाहेर आले.

धुण्याच्या खोलीत भिंतीवर औषधाचं जुनं कॅलेंडर होतं. त्याचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. शाळा सोडल्यानंतर दुसऱ्याला वाचायला मी पहिल्यांदाच काही लिहीत होते. शनिवारी सकाळी साहेबांच्या चहाबरोबर ते बशीखाली ठेवलं आणि निघाले. पण दाराशी मॅडम उभ्या होत्या, त्या आपला फॉर्म द्यायला आल्या होत्या. त्यांना ओलांडून जाता येईना. तेवढ्यात साहेबांनी कागद उघडला आणि त्यांच्या बांधावरच्या आवाजात वाचला.

"चव्हाण साहेबास नमस्कार. ते जंतू माझे आहेत. मॅडमचे नाहीत. माझे बोट कापले होते. त्यात हळद भरली होती. मोजा फाटला. कोणाला सांगितले नाही. कौसाबाई."

मी डावं बोट पुढे केलं. जखम भरत आली होती. कडेला अजून पिवळं होतं.

साहेब बोटाकडे बघत म्हणाले, "बोट कापलं, ते होतं माणसाचं. लपवलं, ती चूक. पण कौसाबाई, ह्यात हळद काहून ओढून राहिल्या तुमी?"

मॅडम पुढे झाल्या. "सर, हळदच! तोच जंतू. मला कारण मिळत नव्हतं ते हे."

"मॅडम, हळदीनं जंतू मरतात. पहिलीच्या पोराला माहीत हाय."

"काही मरत असतील सर. पण दळलेल्या हळदीत काही जिवंतही असतात. जमिनीखालचा कंद आहे, मातीतून येतो."

"आमच्यात काढल्यावर शिजवतो आमी. उन्हात वाळवतो."

"कुठे वाळवता?"

"अंगणात."

"अंगणात कोण असतं?"

साहेबांनी जरा विचार केला. "शेळ्या असतात," ते म्हणाले, आणि लगेच, "पण त्या बाजूला असतात."

मॅडमनी हेड ऑफिसकडून चार दिवस मागून घेतले. मी घरच्या डब्यातली हळद आणली. शेवंताने फाट्यावरच्या दुकानातली पुडी आणली. साहेबांनी कुरुंद्याहून आपल्या घरची हळद पितळी डबीत आणली. डबीवर झाकण, वर रुमाल बांधलेला. मॅडमच्या हातात देताना म्हणाले, "ही घ्या. म्हणजे खरी हळद कशी असते ते तुमच्या त्या जंतूंना बी कळंल."

तीन ताटल्यांवर तीन हळदी लावून उबेच्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी साहेब वेळेच्या आधी कपाटासमोर हजर. मॅडमनी ताटल्या काढल्या. माझ्या हळदीवर भाजलेल्या पापडासारखे सुरकुतलेले पांढरट चट्टे उगवले होते. दुकानातल्या पुडीवरही तसेच. साहेबांच्या ताटलीवर चट्टे मोजायला जागाच नव्हती. एकच मोठा पापड झाला होता.

साहेब ताटली हातात घेऊन खिडकीपाशी गेले. उजेडात धरली. उलटी करून बघितली. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे ह्या खोलीच्या बाहेर जाऊ द्यायचं न्हाई. वसमतच्या हळदीच्या बाजारात कळलं तर मला गावात पाय ठेवू देणार न्हाईत."

"सर, खायला काही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या, "भाजीत शिजते, पोटाला चालते. आपण फक्त ती डोळ्यात घालायची नाही."

"आन् आमची बायको रोज रात्री दुधात देते ते?"

"तेही पोटातच जातं, खुशाल प्या."

मायक्रोस्कोपखाली माझ्या हळदीतला जंतू आणि नळीतला जंतू मॅडमनी शेजारी शेजारी बघितले. मग मलाही बघायला लावलं. दोन्हीकडे त्याच काड्या, आत तेच बी. मला उगाच त्यांची ओळख पटल्यासारखी वाटली. माझ्या विळीपासून माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आलेले होते ते.

चूक तपासणीत होती हे फॉर्मवर लिहिलं गेलं, म्हणून नियमाप्रमाणे त्याच बॅचची तपासणी पुन्हा सुरू झाली. पुन्हा चौदा दिवस. मेडिकलवाले फोन करून थकले. शेवंता म्हणायची, "औषध निघेस्तोवर लोकांचे डोळे आपोआपच बरे व्हतील." मॅडम म्हणाल्या, साथीतले बरेच डोळे तसे होतातच. पण ज्यांच्या डोळ्यात पू धरतो त्यांना हे लागतं. त्या लोकांचा विचार आला की मला जेवण जायचं नाही. माझ्या एका बोटाने ते अडवून धरले होते.

त्या चौदा दिवसांत मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांच्यासमोर नळ्यांचा ट्रे ठेवला, तेव्हा म्हणाल्या, "मावशी, सकाळीच सांगितलं असतं तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. एवढंच झालं असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

"का? घर आवडत नाही?"

"ती खोली आवडते," मी म्हणाले. "तिथं बोलावं लागत न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या आहेत की काय ते कळेना. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या. हसताना त्यांचे डोळे भरले. मला वाटतं, किती तरी दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या. त्या रडवेल्या हसण्याला मी कारण होते. ते अजून मला टोचतं.

चौदाव्या दिवशी नळ्या नितळ होत्या. मॅडमनी मागे कागद धरला, अक्षरं वाचली. मग माझ्याकडे नळी दिली. "तुम्ही बघा." मी एकेक नळी हलवून, उजेडात धरून बघितली. सगळ्या बघून झाल्यावर मान हलवली. साहेब म्हणाले, "मान नको. तोंडानं सांगा."

"स्वच्छ हायेत," मी म्हणाले.

मॅडमनी सही केली. बॅच त्याच दुपारी गाडीत चढली. पुढच्या आठवड्यात मॅडमची नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. परभणीच्या त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मायक्रोस्कोप घेतला असेल तर फुकट गेला.

माझं काय करायचं, यावर साहेबांनी दोन दिवस विचार केला. मग मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम बसलेल्या होत्या. साहेब म्हणाले, "कौसाबाई, काढून टाकलं तर तुमी घरी जाऊन आणखीच गप्प बसाल. त्याचा कंपनीला काय फायदा? तीन महिने आतल्या खोलीत जायचं न्हाई. दारात बसायचं. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात तपासायचे आन् मोठ्यानं विचारायचं. जखम हाय का, सर्दी हाय का, ताप हाय का. ऐकू आलं पाहिजे."

कोर्टाने यापेक्षा कडक शिक्षा दिली नसती. मी मॅडमकडे बघितलं. त्या टेबलावरच्या कागदात काहीतरी फार बारकाईने वाचत होत्या. शिक्षा कोणी सुचवली ते मला तेव्हाच कळलं.

पहिला आठवडा मी माणसांना नाही, त्यांच्या चपलांना विचारलं. "जखम हाय का?" शेवंता मुद्दाम पाच पाच वेळा समोरून जायची. "काय म्हणलीस गं? ऐकू न्हाई आलं." चिडून मी एकदा इतक्या जोरात विचारलं की पॅकिंगच्या बायांनी काम थांबवून बघितलं. त्यानंतर मात्र थोडं सोपं गेलं. एका इलेक्ट्रिशियनला नायट्यासाठी परत पाठवलं. एका पोरीला सर्दी होती. ती नाही नाही म्हणत होती आणि म्हणता म्हणता शिंकली.

दुसऱ्या महिन्यात हेड ऑफिसचे दोन पाहुणे आले. साहेब त्यांना खोली दाखवायला घेऊन आले. नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. पाहुण्यांचे हात बघितले, तिन्ही प्रश्न विचारले. ठीक होते. मग साहेब पुढे आले. हात स्वच्छ होते. मी वर बघितलं. हनुवटीखाली दाढी करताना लागलेलं होतं. बारीकच, पण ओलं.

मी म्हणाले, "साहेब, तुमी आज आत जाऊ नका."

"काय?"

"लागलंय तुमाला."

साहेबांनी हनुवटीला हात लावला. पाहुणे थांबले. साहेब माझ्याकडे वाकून कुजबुजले, "कौसाबाई, पाव्हणे हायेत."

"पाव्हण्यांना जाऊ द्या. तुमी थांबा."

"अवो, पण मी हळद न्हाई लावली!"

"म्हणूनच अजून रक्त येऊन राहिलं," मी म्हणाले. आवाज पॅकिंगपर्यंत गेला असावा, कारण तिकडून शेवंताचं हसणं ऐकू आलं.

पाहुणे मॅडमबरोबर आत गेले. मी वही उघडली. ज्याला परत पाठवलं त्याचं नाव लिहायचं, कारण लिहायचं आणि त्याची सही घ्यायची, असा साहेबांनीच घालून दिलेला नियम होता. नावाच्या जागी 'चव्हाण साहेब' लिहिलं. कारणाच्या जागी 'दाढी' लिहिलं. वही त्यांच्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि सही केली.